पहिलं भारी घड्याळ घेणारी माणसं

"त्या दोघांना तिच्याकडे पाठव. घेणार नाहीयेत."

आमचे मॅनेजर मोहिते सर दारावरच्या मुलाला हळूच म्हणाले. पण भारी दुकानांत गालिचा इतका जाड असतो की हळू बोललेलंच जास्त नीट ऐकू येतं. मला ऐकू आलं. दारातून आत येत असलेल्या बाईंनाही आलं असावं, कारण त्यांनी हातातली कापडी पिशवी उगाचच दुसऱ्या हातात घेतली.

ते दोघं माझ्या टेबलाशी आले. गृहस्थ सत्तरीचे, पायात साध्या चपला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मी म्हटलं, "बसा ना."

"बसण्याचे वेगळे पैसे नसतील तर बसतो," ते म्हणाले.

"अहो, नीट बोला. मुलगी घाबरली," बाई म्हणाल्या.

"मी कुठे काय बोललो? दुकानच आल्यापासून बोलतंय."

हे भागवत सर. नारायण पेठेत राहतात, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्या दिवशी ते घड्याळ घेऊन गेले. मोहिते सरांचा अंदाज चुकला. तो पुढेही अनेकदा चुकला, आणि प्रत्येक वेळी मला मनातल्या मनात फार बरं वाटलं.

कॅम्पातल्या त्या परदेशी घड्याळांच्या दुकानात मी सहा वर्षं होते. मी दुकान सोडलं की दुकानानं मला, हे शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा. मुलाखतीत मला घेतलं ते माझं इंग्रजी बघून. पहिल्याच आठवड्यात मोहिते सरांच्या लक्षात आलं की इंग्रजी चांगलं असलं तरी मी ते फारसं वापरत नाही. मराठीही नाही. मग त्यांनी मला अगदी कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि नियम ठरवून टाकला : जे घेणार नाहीत ते हिच्याकडे. म्हणजे घासलेल्या चपला, सोबत लहान मूल, दारात क्षणभर थांबून मग आत येणारे. पहिल्या पगाराची मुलं, निवृत्त झालेली माणसं, लग्नाच्या वाढदिवसाला एकट्या आलेल्या बाया. आयुष्यातलं पहिलं भारी घड्याळ बघायला आलेली सगळी माणसं अशा रीतीने माझ्या वाट्याला आली. यापेक्षा चांगली गिऱ्हाइकं दुकानात नव्हती, हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काढून घेतली असती.

घरी आई विचारायची, "आज घड्याळं विकलीस की नुसतीच दाखवलीस?" मी म्हणायचे, दाखवली. ती म्हणायची, "म्हणजे संग्रहालयात आहेस." आई पालिकेत क्लार्क होती, शनिवार पेठेत वाढलेली. तिचं कौतुक असंच असतं.

लोकांना वाटतं विकणं म्हणजे बोलणं. भारी वस्तू विकणं म्हणजे बहुतेक वेळा गप्प बसणं. माणूस घड्याळ हातावर चढवतो आणि आधी आपल्याकडे बघतो, घड्याळाकडे नाही. त्याला आपल्याकडून परवानगी हवी असते. बाकीचे लगेच म्हणायचे, "क्या बात है सर, एकदम सूट होतंय." मी गप्प राहायचे. मग तो नाइलाजाने स्वतःच्या मनगटाकडे बघायचा, आणि तेव्हा कुठे त्याला खरं दिसायचं. घड्याळाला पट्टा जोडतात ती वरची आणि खालची टोकं मनगटाच्या बाहेर लोंबत असतील, तर ते घड्याळ कितीही देखणं असो, तुमचं नाही. हे मोजपट्टी न लावता कुणालाही दिसतं. फक्त कुणी कानाशी बोलत नसलं पाहिजे.

दुकानांची एक पद्धत असते, ती सांगून टाकते. घड्याळाचा स्टीलचा पट्टा मनगटाला मोठा होतो, म्हणून त्याच्या दोन-तीन कड्या काढाव्या लागतात. गिऱ्हाईक नुसतं "बरं वाटतंय" असं म्हणालं की आमच्याकडे लगेच कुणीतरी कड्या काढायला घ्यायचं. "काही नाही सर, दोन मिनिटं, नीट बसतंय का तेवढं बघू." कड्या काढल्या की माणूस संपला. आपल्यासाठी कुणीतरी एवढं केलं, आता नाही कसं म्हणायचं, असं आपल्याकडच्या माणसांना हमखास वाटतं. कापड फाडून झाल्यावर दुकानदाराला नको म्हणवत नाही, तसंच. पण कड्या पुन्हा बसवायलाही दोनच मिनिटं लागतात. हे कुणी सांगत नाही. मी सांगते. नाही म्हणा, उठा, बाहेर जाऊन चहा प्या. घड्याळ कुठे पळून जात नाही, ते मनगटावर नसताना अर्ध्या-पाऊण तासाने आठवतंय का ते बघा.

आणि "इन्व्हेस्टमेंट" हा शब्द ज्या दुकानात पहिल्या पाच मिनिटांत कानावर पडेल तिथून निघा. काही थोडी घड्याळं सोडली तर बाकीची दारातून बाहेर पडताक्षणी किमतीनं उतरतात. ती विकायची म्हणून घ्यायचीच नसतात. घालायची म्हणून घ्यायची. मग लोक विचारतात, मोबाइलमध्ये वेळ दिसते की, हे कशाला? मीही सुरुवातीला घाबरून काहीतरी उत्तर शोधायचे. आता शोधत नाही. पाणी प्लॅस्टिकच्या पेल्यातूनही पिता येतं. तुम्ही घरी तांब्या का ठेवता, ते मी कधी विचारलंय?

भागवत सरांकडे परत येते. त्यांना मी घड्याळ दाखवलं आणि नेहमीच्या गोष्टी सांगितल्या. आतलं यंत्र हाताच्या हालचालीवर चालतं, चार दिवस घातलं नाही तर बंद पडतं. रोज काही सेकंद पुढेमागे होतं, तो दोष नाही. पाच-सहा वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं आणि त्याचा खर्च ऐकून दचकायला होतं, म्हणून तो आजच विचारून ठेवा. आणि काटे रात्री नऊ ते पहाटे तीन यांच्यामध्ये असतील तेव्हा तारीख हाताने बदलायची नाही. त्या वेळात आतली चाकं स्वतःच तारीख ढकलायच्या तयारीत असतात. आपण मध्येच फिरवली तर चाकाचा दात मोडतो.

"म्हणजे रात्री नऊनंतर शहाण्या माणसानं घड्याळाच्या नादी लागू नये," भागवत सर म्हणाले.

"काटे पुढे नेऊन मग बदला," मी म्हटलं.

"हे तुम्ही फार पोटतिडकीनं सांगताय."

सांगणारच. कारण त्यांच्या हातात मी ठेवलेलं घड्याळ मीच मोडलं होतं.

नोकरीच्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. शोकेसमधल्या सगळ्या घड्याळांत सकाळी तारीख लावायचं काम माझं. बंद पडलेल्या एका घड्याळाचे काटे साडेदहावर होते. सकाळचे साडेदहा की रात्रीचे, हे काट्यांवरून कळत नाही. मी तारीख फिरवली. आत काहीतरी इतकं बारीक कट् झालं की मला ते बोटांतून कळलं, कानांतून नाही. आमच्या दुकानात काचेच्या खोलीत रशीदचाचा बसायचे, दुरुस्तीचे कारागीर. मी घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रात के साडेदस को तारीख बदली ना, बेटा? मीबी बदलली होती. पहिल्या साली. उस्तादनं कान पकडला होता." त्यांनी चाक बदललं. घड्याळ उत्तम झालं. मग ते मोहिते सरांना म्हणाले, "वॉरंटी कार्डावर लिहा, एक बार खोललंय." सर म्हणाले, "चाचा, शोकेसमध्ये असताना झालंय, गिऱ्हाइकाकडे नाही. नवीनच आहे ते." आणि ते परत शोकेसमध्ये गेलं. मला ओरडा बसला नाही, याचाच मला इतका आनंद झाला की पुढचं काही सुचलंच नाही.

तेच घड्याळ भागवत सरांनी निवडलं. माझ्यापुढे तसली तीन होती. त्यांचं बोट त्याच्यावरच गेलं.

दीड वर्षाने ते परत आले, या वेळी एकटेच. पट्टा बदलायला पेठेतल्या एका कारागिराकडे गेले होते. त्यानं सहज मागचे स्क्रू बघितले आणि म्हणाला, हे आधी उघडलेलं दिसतंय. भागवत सर भांडायला आले नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, "मला देण्यापूर्वी हे उघडलं होतं का? एवढंच हवंय."

मोहिते सर हसून म्हणाले, "अहो काका, आमच्याकडे सीलबंद माल येतो. तुम्हीच कुठेतरी उघडून घेतलं असेल आणि विसरला असाल. या वयात होतं असं."

"मी?" भागवत सर म्हणाले. "अहो, मला आमच्या कुकरचं झाकण लागत नाही. रोज हिच्याकडून लावून घेतो."

दुकानात दोघं-तिघं हसले. मोहिते सरही हसले. भागवत सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काउंटरची काच पुसत होते. ती स्वच्छ होती. काचेमागे रशीदचाचांनी मान वर केली नाही. भागवत सर म्हणाले, "बरं. राहू दे," आणि घड्याळ परत हातात घालून गेले.

लोक मला शांत म्हणतात. सुस्वभावी म्हणतात. शाळेच्या प्रत्येक रिपोर्ट कार्डावर बाईंनी तेच लिहिलं होतं. त्या दिवसापासून मला तो शब्द सोसत नाही. एका म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत विसरभोळा ठरवायला माझा शांत स्वभाव उपयोगी पडला.

त्यानंतर दोन वर्षांनी गावंडे ताई आल्या. दारावरचा मुलगा नेहमीप्रमाणे म्हणाला, "सरांसाठी बघताय का मॅडम?"

"सर घरी भाजी चिरून राहिले," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी. दाखवता की जाऊ?"

त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आलं. गावंडे ताई मूळच्या यवतमाळच्या. वीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर पुण्याला आल्या आणि भोसरीतल्या गिअरच्या कारखान्यात लागल्या. आता तिथे तपासणी विभागात आहेत, म्हणजे बनलेला प्रत्येक भाग बरोबर मापाचा आहे की नाही हे बघतात. त्यांनी पर्समधून स्वतःचं भिंग काढलं. इतक्या वर्षांत स्वतःचं भिंग घेऊन आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. मी त्यांना मागे काच असलेलं एक घड्याळ दिलं, आतली चाकं दिसतात तसलं. त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मीही नाही. आमचं चांगलं जमलं.

मग म्हणाल्या, "आमच्या गिअरचा दात बोटाएवढा असतो. तरी रोज दोन-चार परत पाठवते मी. इथं तर दातच दिसून नाही राहिला. आणि तोबी कोणीतरी घासून ठेवला." भिंग खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "हसू नका, पण मला हे घालून कंपनीत जायचंय. चालते न?"

मी म्हटलं, "त्याच्यासाठीच असतं ते."

त्या दिवशी ताई उठून गेल्या. मीच जायला सांगितलं. आठवड्याने परत आल्या, पुन्हा घातलं, बाही खाली करून बघितली, सर्व्हिसिंगचा खर्च विचारला, दचकल्या, गेल्या. मोहिते सर म्हणाले, "तू त्यांना पळवून लावतेयस का?" तिसऱ्यांदा फोन आला : दसऱ्याच्या दिवशी येते, तेच ठेवा.

त्या मॉडेलचा आमच्याकडे एकच नवा नग होता. दसऱ्याच्या चार दिवस आधी मोहिते सरांनी तो दुसऱ्याला विकून टाकला. मी म्हटलं, सर, गावंडे ताईंना सांगितलंय. ते म्हणाले, "काळजी करू नकोस. दुसरा आहे."

दुसरा होता खरा. आमच्याकडच्या एका बड्या गिऱ्हाइकानं तो चार महिन्यांपूर्वी "घरी नेऊन बघतो" म्हणून नेला होता. बड्या माणसांना कुणी विचारत नाही. वॉरंटी कार्डही भरलं नव्हतं, म्हणजे कागदावर तो नवाच. त्या आठवड्यात त्यांनी तो परत पाठवला. मजा नाही आली म्हणाले. पट्ट्याच्या खिट्टीवर चरे होते. सरांनी रशीदचाचांना ते घासून काढायला सांगितले, आणि मला सांगितलं, "वर फिल्म लाव. नीट लाव, तुझा हात हलका आहे."

नव्या घड्याळाच्या काचेवर आणि धातूवर पातळ प्लॅस्टिकची फिल्म असते. ती असली की माणूस समजतो, याला अजून कुणाचा हात लागलेला नाही. आमच्या दुकानाचा रिवाज असा की ती फिल्म गिऱ्हाइकानं स्वतः सोलायची, सगळ्यांनी भोवती जमून टाळ्या वाजवायच्या, व्हिडिओ काढायचा, पेढे द्यायचे. लोकांना ते फार आवडतं. काही जणांच्या डोळ्यांत पाणी येतं.

मी फिल्म मापानं कापली, फुंकणीनं धूळ उडवली आणि एकही बुडबुडा न ठेवता लावली. शेजारी चाचा खिट्टी घासत होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. काम झाल्यावर मी ते घड्याळ उजेडात फिरवून बघितलं आणि मला क्षणभर अभिमान वाटला, किती सफाईनं लावलीय म्हणून.

मोहिते सर खूश होते. दिवाळीनंतर दुकानाची नवी शाखा निघणार होती, तिथली जबाबदारी मला द्यायची, असं त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. "शांत माणसं लागतात," म्हणाले. मी घरी सांगितलं. आईनं त्या दिवशी संग्रहालय म्हटलं नाही. तिनं शेजारी सांगितलं.

काही वाचक म्हणतील, एवढं काय त्यात? घड्याळ चालत होतं. हो, चालत होतं. गावंडे ताईंना कदाचित कधी कळलंही नसतं. तो पेठेतला कारागीर नसता तर भागवत सरांनाही कळलं नसतं. भारी घड्याळात आपण विकत काय घेतो, तर कुणीतरी खरं सांगेल ही खात्री. तेवढ्याचसाठी माणसं बाहेरच्या फुटपाथवर न घेता त्या जाड गालिच्यावर येतात. ती खात्री काढली तर उरतं ते वेळ दाखवणारं यंत्र, आणि ते मोबाइलमध्ये असतंच.

दसऱ्याला दुकान भरलेलं होतं. गावंडे ताई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. जरीची साडी, केसांत शेवंती. नवरा बुजून एका खुर्चीच्या कडेला बसला. मोहिते सर स्वतः आमच्या टेबलाशी आले, घड्याळाचं तबक त्यांनी ताईंच्या पुढे ठेवलं आणि हाक मारून सगळ्यांना जमवलं. कुणीतरी फोन वर धरला. पेढ्यांचा डबा उघडला गेला.

"या, आता हा शुभ हात लागू द्या," सर म्हणाले. "तुमच्या आधी या घड्याळाला कुणीही हात लावलेला नाही."

ताईंनी नखानं फिल्मचा कोपरा उचलला. मग थांबल्या. पर्समधून भिंग काढायला गेल्या आणि हसून परत ठेवलं.

"आज नाही बघत," त्या म्हणाल्या. "आज सण आहे." मग माझ्याकडे वळल्या. "आमच्याकडे माल तपासला की त्याच्यावर ज्यानं तपासला त्याची सही लागते. सहीबिगर गेटच्या बाहेर जात नाही. मी आता पंधरा वर्षं सही करून राहिली. तुमच्याकडे सही नाही, तर तुम्ही तोंडानं सांगा. हे तुम्ही तपासलं न, मॅडम?"

"अहो, म्हणजे काय!" मोहिते सर म्हणाले. "त्यांनीच तयार केलंय खास तुमच्यासाठी."

"त्यांना सांगू द्या न," ताई म्हणाल्या.

फोन माझ्याकडे वळला. सरांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू होतं, शांत माणसावर विसंबणारं. काचेमागे रशीदचाचांनी हातातलं काम ठेवलं आणि या वेळी मान वर केली. काउंटरवर पुसायचं कापड पडलेलं होतं. माझा हात त्याच्याकडे गेलाही.

मग मी तो मागे घेतला, आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"तपासलं, ताई. हे नवीन नाही. चार महिने दुसऱ्याच्या हातावर होतं. खिट्टीवरचे चरे घासून काढलेत, आणि ही फिल्म परवा मी माझ्या हातानं चिकटवली आहे. मी सही करत नाही."